पहाटे साडेपाचनंतर पास होणारी टेस्ट

आमच्या रात्रीच्या बिल्डच्या, म्हणजे सगळ्यांचा कोड एकत्र करून त्याचं सॉफ्टवेअर बांधण्याच्या, स्क्रिप्टमध्ये अगदी शेवटी एक छोटा फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) होता, टेस्ट वगळण्याचा. टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारे छोटे प्रोग्रॅम. त्याच्या वर कुणीतरी कॉमेंट लिहून ठेवली होती, ‘तात्पुरतं. रिलीजनंतर काढणे.’ मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला दोन वर्षं होऊन गेली होती आणि मधल्या काळात आमचे सात रिलीज झाले होते.

ही गोष्ट २०१७ सालची. पुण्यातली आमची कंपनी पतसंस्थांसाठी आणि छोट्या नागरी बँकांसाठी सॉफ्टवेअर करायची. बचत, मुदत ठेव, पिग्मी, कर्ज, किर्द-खतावणी, तेरीज (सगळ्या खात्यांच्या जमा-नावेचा ताळा), सगळं. माझ्याकडे ठेवींचं मॉड्यूल होतं. रात्री दोन वाजता जेनकिन्स, म्हणजे बिल्ड आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, सुरू व्हायचा, दिवसभरात सगळ्यांनी चढवलेला कोड ओढून घ्यायचा, पाऊण तासात जावा या भाषेतला अख्खा प्रकल्प कंपाइल करायचा (मशीनला चालवता येईल अशा रूपात आणायचा), पॅकेज बांधायचा आणि टेस्टिंग टीमच्या सर्व्हरवर टाकून द्यायचा. सकाळी स्क्रीनवर निळा गोळा दिसला की बिल्ड चांगला. (जेनकिन्समध्ये तेव्हा यशाचा रंग निळा असायचा, कारण तो घडवणारे कोहसुके कावागुची जपानचे, आणि जपानीत सिग्नलच्या हिरव्या दिव्यालाही निळाच म्हणतात.)

तो निळा गोळा काय सांगत होता, याचा विचार मी तोवर केलेला नव्हता. तो सांगत होता एवढंच, की कोड कंपाइल झाला. व्याज बरोबर निघतं का, याबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

हे मला कळलं ते एका रुपयामुळे. मुदत ठेवीचं व्याज रुपयात पूर्णांक करण्याची पद्धत मी बदलली, कारण एका संस्थेच्या लेखापरीक्षकांनी तसं सांगितलं होतं. माझ्या मॉड्यूलच्या टेस्ट चालवल्या, पास झाल्या, कोड चढवला. त्याच दिवशी माझ्या एका सहकाऱ्याने ठेव मोडतानाच्या पावतीचा कोड लिहिला, त्याच्या टेस्ट चालवल्या, पास झाल्या, चढवला. त्याच्याकडे माझा बदल आलेला नव्हता, माझ्याकडे त्याचा. दोघांचंही काम बरोबर होतं. रात्री ते एकत्र आले, कंपाइल झाले, गोळा निळा. दोन दिवसांनी टेस्टिंगच्या मॅडमना दिसलं की पावतीवरची रक्कम आणि खतावणीतली रक्कम यांत कधी कधी एक रुपयाचा फरक पडतोय. तो कुठून येतो हे शोधायला सहा जणांचे दोन दिवस गेले. शेवटी सापडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की नेमकी हीच बेरीज तपासणारी टेस्ट आमच्याकडे होती. कोणीतरी तीन वर्षांपूर्वी मन लावून लिहिलेली. मी ती हाताने चालवली. सेकंदभरही लागला नाही, लगेच फेल झाली. ती त्या रात्री चालली असती तर सहा जणांचे ते दोन दिवस वाचले असते. त्या संध्याकाळी मी ठरवलं की तो फ्लॅग काढायचाच.

बिल्ड आणि रिलीज सांभाळणारे सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांचा विरोध होता आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. “अगं, रात्री एक टेस्ट पडली तर सकाळी मी टेस्टिंगला काय देऊ? त्यांच्या दहा जणांनी हात बांधून बसायचं का? आणि टेस्ट चालवायच्या तर तुम्ही चालवा ना, कोड चढवायच्या आधी. रात्रीच्या बिल्डचं काम पॅकेज बांधायचं. ते त्याला करू दे.” शिवाय वेळेचा प्रश्न होता. सगळ्या टेस्टना तेव्हा पन्नास मिनिटं लागायची असं त्यांना आठवत होतं. त्यांनीच तो फ्लॅग घातला होता, एका रिलीजच्या आदल्या रात्री, बिल्ड वेळेत व्हावा म्हणून.

मी त्यांना मायक्रोसॉफ्टचं उदाहरण दिलं. विंडोज एनटीची पहिली आवृत्ती १९९३ मध्ये बाहेर पडली तेव्हा तिच्यात सुमारे ५६ लाख ओळी आणि ४०,००० फायली होत्या. अनेक मशीनवर मिळून पूर्ण बिल्डला १९ तासांपर्यंत लागायचे, तरी ते लोक रोज बिल्ड करायचे आणि रोज त्याची प्राथमिक तपासणीही करायचे. आमच्याकडे पाऊण तासाचा बिल्ड होता आणि सकाळपर्यंत सहा तास मोकळे होते. वेळ हे कारण टिकणारं नव्हतं. पण टेस्टिंगला सकाळी काय द्यायचं, हा त्यांचा प्रश्न खरा होता आणि माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

उत्तर मॅडमनीच दिलं. त्या म्हणाल्या, “मला रोज नवीन बिल्ड नकोय. मला चालणारा बिल्ड हवाय. कालचा चालत असेल तर कालचा द्या.” आम्ही सगळे गप्प झालो. त्यांची सकाळ कशी जाते ते आम्हाला माहीत होतं. साडेनऊला येऊन नवा बिल्ड उघडायचा, आठवड्यातून दोनदा तरी एखादी मूळ स्क्रीनच बिघडलेली असायची, मग फोन, मग अकरा वाजता नवं पॅकेज, मग पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या वहीत अशा प्रत्येक सकाळची नोंद होती, तारखेसकट. ती वही त्यांनी सरांसमोर ठेवली.

मग ठरलं ते असं. रात्री बिल्ड होईल, पॅकेज बांधलं जाईल आणि सगळ्या टेस्ट चालतील. टेस्ट पडली तरी पॅकेज फेकायचं नाही, ते त्या तारखेच्या नावाने बाजूला राहील, कुणाला बघायचं असेल तर. पण टेस्टिंगचा सर्व्हर ज्या पॅकेजकडे बोट दाखवतो ते बोट पुढे सरकेल फक्त सगळ्या टेस्ट पास झाल्या तरच. नाहीतर ते कालच्यावर राहील. सरांचा प्रश्न एवढ्याने सुटला. आजही कुणी मला विचारलं की रात्रीच्या बिल्डने टेस्ट चालवाव्यात का, तर मी आधी हेच विचारते, की टेस्ट पडल्यावर सकाळी कुणाला काय मिळणार, हे तुम्ही ठरवलंय का? ते ठरलेलं नसेल तर महिनाभरात कुणीतरी तो फ्लॅग परत घालतं.

पहिल्या रात्री एकही टेस्ट चालली नाही.

त्याचं कारण मेव्हनमध्ये, म्हणजे जावाचा कोड बांधणाऱ्या साधनामध्ये, आहे आणि ते माहीत असलेलं बरं. मेव्हनमध्ये टेस्ट वगळायचे दोन मार्ग आहेत. एकात टेस्टचा कोड कंपाइल होतो, फक्त चालवला जात नाही. दुसऱ्यात तो कंपाइलसुद्धा होत नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये दुसरा होता. म्हणजे दोन वर्षं मूळ कोड बदलत गेला, फंक्शनची नावं बदलली, त्यांना नवे पॅरामीटर लागले, आणि त्या कोडला तपासणाऱ्या फायलींना कुणी हात लावला नाही, कारण काही मोडलंय असं कधी दिसलंच नाही. आपापल्या मॉड्यूलच्या टेस्ट चालवणारे आम्ही चारपाच जण होतो, तेवढेच भाग जिवंत होते. बाकी ठिकाणी तीनशेच्या वर एरर. घर बंद ठेवलं की वाळवी लागते, तसं झालं होतं.

मला रोज संध्याकाळी पाचनंतरचा एक तास यासाठी मिळाला. तीन आठवडे लागले. नंतरच्या आठवड्यात दोघं जण आपणहून मदतीला आले. त्यातला एक जण तोच, पावतीवाला. सगळं कंपाइल झालं तेव्हा चौदाशे टेस्ट चालल्या आणि त्यातल्या शंभरच्या आसपास पडल्या.

त्या शंभरांतल्या बऱ्याचशा म्हणायला युनिट टेस्ट, म्हणजे कोडचा एकच तुकडा सुटा तपासणाऱ्या, प्रत्यक्षात डेटाबेसवर अवलंबून. कुणाच्या तरी लॅपटॉपवरच्या सी ड्राइव्हमधली फाइल शोधणाऱ्या सात टेस्ट होत्या. एकीमागून दुसरी चालली तरच पास होणाऱ्या काही होत्या. जावा ७ पासून टेस्टचा क्रम पूर्वीसारखा ठरलेला राहिला नाही, त्यामुळे त्या एक दिवस पास, एक दिवस फेल. या सगळ्या आम्ही एक तर दुरुस्त केल्या किंवा डेटाबेस लागणाऱ्या वेगळ्या गटात नेऊन ठेवल्या. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, ते हमालीचं काम असतं आणि ते करावं लागतं.

पण एका टेस्टने मला थांबवलं. ती पासबुक छापण्यासाठी तयार होणाऱ्या फाइलची होती. त्यात खातेदाराचं नाव ‘ज्ञानेश्वर’ होतं आणि बिल्डच्या मशीनवर त्या जागी नुसती प्रश्नचिन्हं येत होती. आमच्या कुणाच्याही लॅपटॉपवर तसं होत नव्हतं, कारण आम्ही एक्लिप्स या कोड लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करायचो आणि त्यातल्या सेटिंगमुळे प्रोग्रॅम यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीही साठवता येणाऱ्या अक्षरांच्या संकेतपद्धतीत, चालायचा. बिल्डच्या लिनक्स मशीनवर जेनकिन्स पार्श्वभूमीत चालणारा, त्याला भाषेचं कुठलंच सेटिंग दिलेलं नव्हतं, त्यामुळे जावाने साधी इंग्रजी अक्षरंच गृहीत धरली. जावा १८ पासून यूटीएफ-८ हेच मूळ धरलं जातं, पण तो २०२२ मध्ये आला. तेव्हा कोडमध्ये स्पष्ट लिहिलं नाही तर मशीन ठरवेल ती लिपी. मी सपोर्टच्या मुलांना सहज विचारलं, कुठल्या संस्थेत पासबुकावर प्रश्नचिन्हं येतात का? एका तालुक्याच्या गावातून सहा महिने तक्रार होती. आमच्या लोकांनी तिथे दोनदा प्रिंटर बदलून दिला होता. प्रिंटरचा काही दोष नव्हता. बदल एका शब्दाचा होता, आणि सहा महिने माणसं आपलं नाव नसलेलं पासबुक घरी नेत होती, याचं मला फार वाईट वाटलं.

जुलैच्या शेवटी सगळ्या टेस्ट पास व्हायला लागल्या. एक सोडून.

ही टेस्ट माझीच होती. तिच्यात एक मुदत ठेव तयार व्हायची, जिची मुदत भारतीय वेळेनुसार आज संपते. मग ‘आज मुदत संपलेल्या ठेवी’ अशी यादी मागायची. यादीत एक ठेव यायला हवी. रात्रीच्या बिल्डमध्ये शून्य यायच्या. सकाळी दहाला मी तोच बिल्ड त्याच मशीनवर पुन्हा चालवला की एक यायची. सलग नऊ रात्री फेल, नऊ सकाळी पास. टेस्टिंगचं बोट नऊ दिवस जुन्या बिल्डवर अडकलं. सर सभ्यपणे म्हणाले, “ही एक काढून टाक. अशा बेभरवशाच्या टेस्ट मोठमोठ्या कंपन्यांतही असतात.” ते बरोबर होतं. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्याकडच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार असा चंचलपणा आहे. पण चंचल टेस्ट केव्हाही पडते. ही फक्त रात्री पडत होती, आणि प्रत्येक रात्री पडत होती. हे मला चंचलपणाचं लक्षण वाटेना.

मी एक दिवस मागून घेतला आणि त्या रात्री घरून जागले. सिंहगड रोडवरच्या घरात सगळे झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून बिल्डच्या मशीनला जोडून घेतलं. पावणेबाराला टेस्ट चालवली: पास. बारा वाजून पाच मिनिटांनी: फेल. तीच टेस्ट माझ्या लॅपटॉपवर, त्याच मिनिटाला: पास. म्हणजे तारीख बदलण्याशी संबंध होता, पण मशीनशीही होता. एक वाजता फेल, दोनला फेल, तीनला फेल. बाहेर पाऊस चालू होता. चारच्या सुमाराला मला वाटलं की आता कोड वाचण्यापेक्षा ती नेमकी कधी पास व्हायला लागते तेवढं बघावं. मी ती दर पाच मिनिटांनी चालेल अशी लावली आणि चहा टाकला. पाच वीस, फेल. पाच पंचवीस, फेल. पाच तीस, पास. पाच पस्तीस, पास.

साडेपाच. परदेशातल्या नातेवाइकांना फोन करणाऱ्या, क्रिकेटचे सामने बघणाऱ्या कुठल्याही भारतीय माणसाला पाठ असलेला आकडा. ग्रीनिचच्या आणि आपल्या घड्याळातलं अंतर.

बिल्डचं मशीन त्याच वर्षी क्लाउडवर गेलं होतं. मशीन मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये, पण घड्याळ जागतिक, म्हणजे ग्रीनिचच्या, वेळेवर, कारण क्लाउडवरची मशीन तशीच येतात. जेनकिन्सच्या वेळापत्रकात आमचे रात्रीचे दोन ‘२०:३०’ असे लिहिलेले मी किती तरी वेळा पाहिले होते. भारतात मध्यरात्र उलटून १३ तारीख लागली की साडेपाच तास त्या मशीनवर अजून १२ तारीखच असते. माझ्या टेस्टने भारताची तारीख घेतली, ठेवींच्या कोडने मशीनची. दिवसा दोन्ही तारखा एकच असतात. म्हणून दिवसा कधीच काही दिसलं नसतं.

इथवर ही बिल्डच्या मशीनची अडचण वाटते. पण मला पुढचं आठवलं आणि चहाचा कप तसाच राहिला. ऑक्टोबरपासून आमच्या पहिल्या पतसंस्थेचा सर्व्हरही क्लाउडवर जाणार होता. तोवर प्रत्येक संस्थेच्या कार्यालयातच मशीन असायचं, त्यावर भारताची वेळ असायची, आणि सकाळी साडेनऊला कुणीतरी ‘दिवस उघडा’ हे बटण दाबायचं. क्लाउडवर गेल्यावर दिवस उघडण्याचं काम पहाटे दोनला आपोआप होणार होतं. मुदत संपलेल्या ठेवी वर्ग करायच्या, आणि ज्यांचा कर्जाचा हप्ता त्या तारखेला आहे त्यांच्या बचत खात्यातून तो वळता करायचा. हप्त्याचा कोडही तारीख त्याच फंक्शनकडून घेत होता. ५ तारखेचा हप्ता ५ च्या पहाटे कापला गेला नसता, कारण मशीनवर अजून ४ तारीख असती. तो ६ च्या पहाटे कापला गेला असता. खात्यात पैसे असूनही माणसावर एका दिवसाचं दंडव्याज बसलं असतं. शाखेत येऊन तो भांडला असता, आणि काउंटरवरच्या मुलीकडे उत्तर नसतं.

सकाळी मी सरांच्या टेबलाजवळ गेले आणि साडेपाचचा लॉग, म्हणजे मशीनने ठेवलेली नोंद, त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. “मशीनची वेळ भारताची करून टाकूया,” ते म्हणाले. ते पाच मिनिटांचं काम होतं आणि मला ते एकट्याने पुरेसं वाटत नव्हतं. पतसंस्थेची आजची तारीख घड्याळ ठरवत नाही. काल दिवसअखेर झाली नसेल तर आज सकाळी दहा वाजतासुद्धा संस्थेसाठी कालच चालू असतो. ती कामकाजाची तारीख आमच्या डेटाबेसमध्ये होतीच, पण कोडमध्ये जागोजागी लोकांनी सरळ मशीनला ‘आज काय’ असं विचारलं होतं. मी शोधलं तर अशा सत्तेचाळीस जागा निघाल्या. सरांनी अर्धा तास विचार केला आणि दोन माणसं दोन आठवड्यांसाठी दिली. बिल्डच्या मशीनची वेळ मात्र मुद्दाम जागतिकच ठेवा, असं त्यांनीच सुचवलं. सगळ्या सत्तेचाळीस जागी आम्ही कामकाजाची तारीख बाहेरून द्यायला लागलो. जावा ८ मध्ये त्यासाठी घड्याळही बाहेरून देता येतं, त्यामुळे रात्री दोन वाजताची टेस्ट आता दुपारी जेवणाच्या सुट्टीतही चालवता येते.

मग पावतीवाल्या सहकाऱ्याने विचारलं, आता रात्री कशाला चालवायच्या? प्रत्येक कमिटला, म्हणजे कुणीही कोड चढवला की, चालवू. आम्ही तेही सुरू केलं. दहा मिनिटांत होतील एवढ्या टेस्ट प्रत्येक कमिटला, आणि जिथे ते जमतं तिथे ते आधी करावं असंच माझं मत आहे. पण रात्रीच्या सगळ्या टेस्ट आम्ही बंद केल्या नाहीत. रात्रीचा बिल्ड कोऱ्या जागेत होतो, सगळ्यांचा कोड एकत्र असतो, कुणाचं एक्लिप्स मदतीला नसतं आणि तारीख वेगळी असते. नाव, तारीख आणि रुपया, तिन्ही चुका याच फरकांमुळे लपल्या होत्या.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सगळा बिल्ड निळा आला. या वेळी त्या निळ्याला अर्थ होता. मॅडमनी वहीत त्या दिवसाची नोंद केली. नंतर त्यांच्या वहीत बिघडलेल्या सकाळींच्या नोंदी विरळ होत गेल्या.

ती पतसंस्था दसऱ्यानंतर क्लाउडवर गेली. ५ ऑक्टोबरच्या पहाटे दोनला तिचा दिवस पहिल्यांदा हप्त्यांच्या तारखेला आपोआप उघडणार होता. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सर आणि मी दोघंही आपापल्या घरी जागे होतो. दोन वाजून चार मिनिटांनी लॉगमध्ये हप्ते वळते झाल्याच्या ओळी यायला लागल्या, प्रत्येक ओळीवर ५ तारीख. सकाळी साडेदहाला संस्थेच्या व्यवस्थापकांचा फोन आला. आम्ही काय शोधलं होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. “ताई, कळवायला फोन केला,” ते म्हणाले. “हप्ते सगळे आले. तेरीज जुळली.”